पासवर्ड न ठेवता पासवर्ड तपासायचा कसा?

आपल्याकडचा कोणताही मिनी प्रोजेक्ट उघडून बघा. लायब्ररी मॅनेजमेंट असो, मेसचा हिशोब असो, होस्टेलचा गेटपास असो नाहीतर संत्र्याच्या बागेला पाणी सोडणारं ॲप असो, पहिलं पान ठरलेलं असतं. लॉगिन! वर कॉलेजचा फोटो, खाली दोन चौकटी आणि एक निळं बटण. व्हायवाला एक्सटर्नल सर इआर डायग्राम विचारतात, नॉर्मलायझेशन विचारतात, "फ्युचर स्कोप काय?" हे तर विचारतातच. पण युजर्सचं टेबल उघडून दाखव असं सहसा कोणी म्हणत नाही. म्हणून म्हटलं, या अंकात आपणच ते उघडू.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लॅबमध्ये डेटाबेसला कोणी विदागार म्हणत नाही, तेव्हा मीही म्हणणार नाही. जे शब्द आपण रोज बोलतो तेच इथे लिहिते. मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं.

तर ते टेबल. त्यात साधारण तीन कॉलम असतात. आयडी, युजरनेम आणि पासवर्ड. पासवर्डच्या कॉलममध्ये पासवर्डच असतो, जसाच्या तसा, उघडा. लॉगिनच्या वेळी क्वेरी मारायची की या नावाची आणि या पासवर्डची ओळ आहे का? ओळ मिळाली तर "वेलकम", नाही मिळाली तर लाल अक्षरात "इनव्हॅलिड". चालतं का? अगदी छान चालतं, डेमोला टाळ्यासुद्धा पडतात!

आता हे टेबल कोणाकोणाला दिसतं ते मोजा. ग्रुपमधल्या चौघांना. लॅबच्या ज्या पीसीवर ते टाकलं त्यावर नंतर बसणाऱ्या प्रत्येकाला. ज्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तो पेनड्राइव्ह मागून नेणाऱ्या ज्युनिअरला. माझी रूममेट दर्यापूरकडची. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "काहून एवढं डोकं लावून राहिली वं? माह्या मेसच्या खात्यात काय ठेवलं आहे चोराले?" बरोबर आहे तिचं. मेसच्या खात्यात दोन दिवसांचा कट आणि रविवारची फीस्ट, यापलीकडे काही नाही. पण मी तिला विचारलं की मेसचा आणि मेलचा पासवर्ड वेगळा आहे का? ती गप्प बसली. मेल हातात आला की परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचं खातं, सगळ्यांचं "फरगॉट पासवर्ड" तिथेच येऊन पडतं. म्हणजे मेसच्या प्रोजेक्टमध्ये सांडलेला पासवर्ड थेट स्कॉलरशिपपर्यंत जातो. हे लिहिण्याचं कारण एवढंच.

हा रोग जुना आहे, आणि त्याची सुरुवातही एका कॉलेजातच झाली. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस नावाची सिस्टीम दाखवली. एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. १९६२ साली त्याने पंच कार्डावर साधी विनंती टाकली की अमुक फाइल छापून द्या. ती फाइल पासवर्डची होती! छापून आली, त्याने ती उचलली आणि दुसऱ्यांच्या खात्यांवर आपलं काम केलं. हे त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्याच सिस्टीमवर पुढे आणखी एक गंमत झाली. दोन ॲडमिन एकाच वेळी दोन फाइली एडिट करत होते. एक होती रोजच्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डची. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात त्या दिवशीची सूचना म्हणून सगळ्यांचे पासवर्ड आले. यात हॅकर कुठेच नाही. एक हुशार पोरगा आणि एक चुकलेली फाइल, बस. जे लिहून ठेवलं आहे ते कधी ना कधी कोणीतरी वाचणारच.

अमेरिका लांब वाटत असेल तर पुण्याला या. २००५ च्या एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी एमफॅसिस कंपनीच्या एमसोर्स या कॉल सेंटरमधल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना पकडलं. पोलिसांचं म्हणणं असं की, त्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांकडून फोनवर बोलता बोलता पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. त्या काळी आपल्याकडच्या पेपरांत ही बातमी खूप गाजली, कारण बीपीओच्या नोकऱ्यांवरच प्रश्न उभा राहिला होता. आपल्या विषयापुरतं त्यातलं एवढंच घ्यायचं की, बँकेच्या कॉम्प्युटरने पिन अगदी बरोबर तपासले. पिन खरेच होते. गडबड ही होती की ते आणखी एका माणसाला माहीत होते.

रेल्वेने या माणसाला माहीत होण्याच्या भानगडीवर एक सोपा तोडगा फार आधीपासून वापरला आहे. आपलं बडनेरा जंक्शन. इथून जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यात फाटकं आली. गाडी येते आहे असं स्टेशन मास्तर फोनवर गेटमनला सांगतो. गेटमन फाटक लावतो आणि उत्तरात एक दोन आकडी नंबर देतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. हे नंबर छापील यादीतून क्रमाने द्यायचे, एक वापरला की तो कापायचा आणि पुन्हा द्यायचा नाही. मध्ये कोणी फोन ऐकला तरी त्या नंबरचा पुढच्या गाडीला काही उपयोग नाही. तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे याचाच शहरात शिकून आलेला धाकटा भाऊ! पण पासवर्डचं तसं नाही. तो रोज तोच असतो. म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो विचार इंग्लंडात केंब्रिजला झाला. मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात तो मांडला आणि श्रेय दिलं रॉजर नीडहॅम यांना. विचार असा, की पासवर्ड बरोबर आहे का हे तपासायला पासवर्ड माहीत असण्याची गरजच नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही ते झेपलं नव्हतं. मग चक्की आठवली. ज्वारी चक्कीत टाकली की पीठ होतं. पिठाची परत ज्वारी करून दाखवा बरं! होत नाही. पण तीच ज्वारी पुन्हा टाकली तर तेच पीठ पडतं, असं धरून चाला. आता मी तुमची ज्वारी ठेवून घेतच नाही. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दळून घेतलं, पीठ डब्यात ठेवलं, आणि उरलेला दाणा न दाणा तुम्हाला परत. उद्या तुम्ही आलात आणि म्हणालात "मीच तो", तर तुमच्याजवळची ज्वारी पुन्हा दळते आणि डब्यातल्या पिठाशी ताडून बघते. जुळलं तर या आत. माझा डबा कोणी चोरून नेला तरी त्याला पीठ मिळेल, दाणे नाही. या चक्कीला हॅश फंक्शन म्हणतात आणि पिठाला हॅश. पासवर्ड एका अक्षराने जरी बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो.

इथे बरेच जण एन्क्रिप्शन आणि हॅश यांची खिचडी करतात. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. किल्ली असली की उघडतं, आणि आपल्या प्रोजेक्टमध्ये किल्ली त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. २०१३ साली ॲडोबी कंपनीची पासवर्डची जी फाइल बाहेर आली त्यात असंच झालं होतं. त्यांनी पासवर्ड हॅश न करता एन्क्रिप्ट केले होते, आणि तेही असे की सारख्या पासवर्डचा सारखाच मजकूर तयार व्हायचा. शेजारी लोकांनी स्वतःच लिहिलेले "हिंट" उघडे होते. मग काय, किल्ली न मिळताही लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे पासवर्ड ओळखले. एका साध्या परीक्षेने तुम्हालाही हे तपासता येतं. "पासवर्ड विसरलात?" दाबल्यावर जर साइटने तुमचा जुना पासवर्ड मेलवर जसाच्या तसा पाठवला, तर तिथे पीठ नाही, ज्वारीच ठेवलेली आहे. एका क्लासच्या साइटने, नाव नको, मला तसा पाठवला होता, वर "कीप इट सिक्रेट" असा प्रेमळ सल्लाही दिला होता. मी त्याच रात्री तिथला पासवर्ड बदलून असा ठेवला जो जगात दुसरीकडे कुठेच नाही.

बरं, साधा हॅश केला म्हणजे सुटलो का? नाही. होस्टेलवर दहा जणींचा पासवर्ड एकच असेल तर टेबलमध्ये दहा ठिकाणी एकच हॅश दिसेल. एक फुटला की दहा फुटले. शिवाय चोर आधीच घरी बसून लाखो नेहमीच्या पासवर्डांचं पीठ दळून यादी तयार ठेवतो. तुमचा डबा आला की फक्त जुळवायचं. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले ते असे साधे हॅश होते, आणि २०१६ मध्ये कळलं की मूळ चोरी ११ कोटी ७० लाखांच्या घरातली होती. यावर उपाय आहे मीठ! थट्टा नाही, त्याचं नावच सॉल्ट आहे. प्रत्येकाच्या ज्वारीत दळण्याआधी त्याचं त्याचं वेगळं, कसंही निवडलेलं चिमूटभर मीठ टाकायचं आणि ते मीठ कोणतं हे त्याच्या ओळीत शेजारी लिहून ठेवायचं. मीठ गुप्त असायची गरज नाही. त्याचं काम एवढंच की दहा जणींच्या एकाच पासवर्डचे दहा वेगळे हॅश व्हावेत आणि चोराची तयार यादी फुकट जावी.

हे मीठ बेल लॅब्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या लेखात मांडलं. तेव्हाच्या युनिक्समध्ये मिठाच्या ४०९६ तऱ्हा होत्या. त्या लेखातला एक भाग मला फार आवडतो. त्यांनी लोकांचे ३२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले. १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा! ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन. पुढचे धरून आणि डिक्शनरीतले, नावांच्या यादीतले शब्द मिळवून २८३१ पासवर्ड असेच सहज सापडण्यासारखे निघाले, म्हणजे ८६ टक्के. १९७९ साली! तेव्हा "आजकालची पिढी आळशी" असं कोणी म्हणालं तर हा आकडा पुढे करायचा.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. आपल्याकडे हॅश म्हटलं की सगळे एमडी-५ लावतात, कारण जुन्या रिपोर्टात तेच आहे आणि रिपोर्ट तर पिढ्यान् पिढ्या चालत येतो. एमडी-५ मुळात मोठ्या फाइलींचा चटकन ठसा काढता यावा म्हणून केलेलं आहे. ते वेगवान आहे, आणि पासवर्डसाठी वेगवान असणं हाच दोष आहे! तुम्ही लॉगिनला एकदाच दळता, चोराला कोट्यवधी वेळा दळायचं असतं. चक्की जितकी जलद तितका फायदा त्याचा. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १००० कोटींहून जास्त एमडी-५ करतं. आता गणित करा. कितीतरी जणांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचा नाहीतर दुसऱ्या कोणाचा, कोणाचा ते विचारू नका, मोबाइल नंबर असतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. एका कार्डाला अर्धा सेकंदही लागत नाही. देशातला प्रत्येक शक्य नंबर, अर्ध्या सेकंदात!

म्हणून मुद्दाम हळू चालणारी चक्की लागते. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये बीक्रिप्ट मांडलं. त्यात एक कॉस्ट नावाचा आकडा असतो. तो एकने वाढवला की दळायला दुप्पट वेळ लागतो. कॉम्प्युटर जसे वेगवान होतील तसा तो वाढवत जायचा. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची जी खुली स्पर्धा झाली ती जिंकणारं आर्गॉन-टू तर वेळेबरोबर भरपूर मेमरीही मागतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर हजारो चक्क्या एकदम लावणं महाग पडतं. समजा, एका तपासणीला सेकंदाचा दहावा भाग लागेल अशी चक्की लावली. लॉगिन करणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण तेच ४०० कोटी नंबर एका चक्कीवर दळायला ४० कोटी सेकंद लागतील, म्हणजे साडेबारा वर्षांहून जास्त. अर्धा सेकंद आणि साडेबारा वर्षं! पासवर्ड तोच, टेबल तेच. बदललं काय, तर कोडमधली एक ओळ.

पण हुरळून जाऊ नका. जन्मतारखेचं गणित करा. होस्टेलमधले आपण सगळे साधारण सहा वर्षांच्या अंतरात जन्मलेले. सहा वर्षं म्हणजे सुमारे २२०० तारखा. त्याच हळू चक्कीवर २२० सेकंद, पावणेचार मिनिटांच्या आत एकीचा पासवर्ड बाहेर. मिठामुळे प्रत्येकीसाठी पुन्हा पहिल्यापासून दळावं लागतं हे खरं, तरी ३०० जणींना अठरा-साडेअठरा तास. एका रविवारचं काम. तेव्हा चक्की कितीही चांगली असली तरी दाणेच मोजके असतील तर ती तरी काय करणार?

प्रत्यक्ष कोडमध्ये हे सगळं स्वतः लिहायचं नाही. स्वतःची हॅशची पद्धत शोधून काढायचा मोह हुशार मुलांनाच जास्त होतो, तो आवरा. पीएचपीत २०१३ पासून पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय अशी दोन फंक्शन्स आयती आहेत. जावा, पायथन सगळीकडे तशी मिळतात. पहिलं फंक्शन मीठ स्वतःच निवडतं आणि पद्धत, कॉस्ट, मीठ, हॅश हे सगळं एकाच ओळीत गुंफून देतं. बीक्रिप्टची ही ओळ ६० अक्षरांची असते. आता गंमत बघा, आपल्या टेबलमध्ये पासवर्डचा कॉलम असतो २० किंवा ५० चा. ओळ कापली जाते आणि मग बरोबर पासवर्डसुद्धा चुकीचा ठरतो. सबमिशनच्या आदल्या रात्री मग ग्रुप वैतागून पुन्हा उघड्या पासवर्डवर येतो! कॉलम २५५ चा ठेवा आणि निवांत झोपा.

दुसरं फंक्शन तपासतं, पण तपासण्याच्या अवतीभवतीही फटी असतात. "असा युजर नाही" आणि "पासवर्ड चुकला" असे दोन वेगळे मेसेज दिले तर कोणाकोणाचं खातं आहे याची यादी आपण स्वतःच वाटली. मेसेज एकच ठेवला तरी वेळ बोलतो. युजर नसेल तर लगेच उत्तर आणि असेल तर दळून मग उत्तर, हा फरक मोजता येतो. म्हणून युजर नसला तरी एक खोटा हॅश दळून घ्यायचा. आणि क्वेरी जोडताना युजरने टाइप केलेलं तसंच चिकटवायचं नाही. युजरनेमच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह आणि पुढे "किंवा एक बरोबर एक" एवढं लिहिलं की चिकटवलेल्या क्वेरीचा अर्थच बदलतो आणि पासवर्ड न देता आत जाता येतं. प्रिपेर्ड स्टेटमेंट वापरलं की हा प्रश्न मिटतो. २००९ साली रॉकयू कंपनीचं टेबल याच वाटेने गेलं. ३ कोटी २० लाख पासवर्ड, सगळे उघडे. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला होता १२३४५६.

आणि काही प्रोजेक्टांत तर पासवर्ड ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्टमध्ये तपासतात. म्हणजे पेपर तपासायला विद्यार्थ्याच्याच हातात दिला! तपासणारा कुठे बसला आहे याला किती किंमत असते ते पुन्हा पुण्यानेच पाहिलं. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमकडून आलेली विनंती बँकेच्या मूळ सिस्टीमपर्यंत जाऊन तपासली जायला हवी. चोरांनी मध्ये आपलाच एक नकली स्विच बसवला आणि तो प्रत्येक विनंतीला हो म्हणत गेला. वेगवेगळ्या देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टवरूनही गेले, एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. तिथे कोणाचाही पिन ओळखायची गरज पडली नाही. तपासनीसच बदलला होता.

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा हवी हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण होस्टेलवर त्यातही एक खोच आहे. आपल्या वायफायवरचे सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. त्या पत्त्यावर "पाच चुका, खातं बंद" असा नियम लावला तर दुसऱ्या मजल्यावरच्या एकीने पाच चुका केल्या की अख्खं होस्टेल बाहेर! खात्यावर नियम लावला तर फॉर्मच्या शेवटच्या दिवशी एखादा "मित्र" तुमच्या नावाने पाच चुका करून तुम्हालाच अडकवेल. मला विचाराल तर खातं बंद करूच नये. प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा. माणसाला दहा सेकंद थांबणं जड नाही, लाख प्रयत्न करणाऱ्या प्रोग्रॅमला ते फार जड जातं.

आता खास आपल्या भागाची गोष्ट, जी कोणत्याही इंग्लिश पुस्तकात मिळायची नाही. समजा, कोणी अभिमानाने पासवर्ड ठेवला "वऱ्हाड". मराठी टायपिंग मी मोबाइलवरच शिकले आणि तो मधला अर्धा र काढायला मला बराच वेळ लागला. का? तर तो दोन रीतींनी निघतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण आत बाइट मोजा, पहिला १८ बाइटचा, दुसरा २१ चा. चक्कीला काय दिसतं यापेक्षा आत काय आहे याच्याशी मतलब, त्यामुळे हॅश पूर्ण वेगळे. घरच्या फोनवर उघडणारं खातं लॅबच्या पीसीवर उघडत नाही आणि माणूस म्हणतो, "राजेहो, पासवर्ड तर बरोबरच टाकून राहिलो!" तो खरं बोलतो. युनिकोडमध्ये मजकूर एकसारखा करून घेण्याची सोय आहे आणि हॅशच्या आधी ती वापरावी असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही सांगितलं आहे. तिने टिंबवाल्या ऱ चे काही घोळ मिटतात, पण हे न दिसणारं जोडचिन्ह ती काढत नाही. ते आपल्याला वेगळं सांभाळावं लागतं. दुसरं असं की बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्राही वेगळी मोजून, तीन बाइटचं. म्हणजे २४ झाली की पुढचं वाक्य कितीही लांब असो, उपयोग नाही. इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्याला ७२ मिळतात, आपल्याला २४.

स्टाफसाठी एक चांगली बातमी आहे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह पाहिजेच, हे नियम ज्या निस्टच्या २००३ च्या पुस्तिकेतून जगभर पसरले, तिचे लेखक बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने नियम बदलले. पासवर्ड लांब असू द्या, चोरी झाल्याचा पुरावा असल्याशिवाय बदलायला लावू नका, आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का ते मात्र तपासा. जबरदस्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ लिहितो. हे सरांनाही माहीत आहे आणि आम्हालाही!

जाता जाता होस्टेलसाठी एक. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीच्या हेतूने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गेटपासच्या गमतीला तो लागू नये अशी अपेक्षा आहे.

राहिला ज्युनिअर्सचा नेहमीचा प्रश्न, "ताई, आमच्या टेबलमध्ये आधीच उघडे पासवर्ड आहेत, आता काय करायचं?" सोपं आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहा, प्रत्येक ओळीचा पासवर्ड बीक्रिप्टने दळून नव्या कॉलममध्ये टाका, लॉगिन नव्या कॉलमवर वळवा, दोन-चार खाती उघडून खात्री करा आणि जुना कॉलम काढून टाका. एमडी-५ असेल तर त्या एमडी-५ च्या ओळीलाच बीक्रिप्टमधून काढा, मग तो युजर पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा त्याच्या खऱ्या पासवर्डचा ताजा हॅश करून जुना बदला. कोणाला पासवर्ड बदलायला सांगायचीही गरज पडत नाही. एवढं झालं की ग्रुपमधल्या चौघांचे पेनड्राइव्ह, लॅबच्या पीसीवरचं ते "न्यू फोल्डर ३", आणि स्वतःलाच मेल केलेली झिप फाइल शोधून काढा. टेबलची जुनी कॉपी तिथे अजून तशीच पडलेली असते.